बाबांच्या अकरा कॅसेटी

दारातून आत आलं की आमच्याकडे आधी चपलांचं कपाट लागतं, त्याच्या शेजारी इन्व्हर्टर, आणि कपाटाच्या डोक्यावर एक काळा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, की-बोर्ड नाही. नुसता एक हिरवा दिवा आणि पंख्याची बारीक घरघर. येणारा पाहुणा हमखास विचारतो, "हे काय?" आणि तो चपला काढतोय तोवर मी सांगायला सुरुवातही केलेली असते. मग बायको पाण्याचा ग्लास घेऊन येते आणि त्याची सुटका करते. "माझी सवत आहे ती," ती म्हणते. "एसी मागत नाही हेच नशीब."

मी कॉम्प्युटर शिकलेलो नाही. गुरुग्राममधल्या एका कंपनीत मालवाहतुकीचं काम बघतो. ट्रक कुठे अडकला, का अडकला, आता कोणाच्या हातापाया पडायचं, यात दिवस जातो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि तेव्हापासून बिघडलो. लिनक्स फुकट मिळतं आणि त्याचं पोट उघडून बघायला कोणी मना करत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. ओळ बरोबर असली तर तो काही बोलत नाही, मुकाट्याने काम करून टाकतो. 'नक्की ना साहेब?' असं विचारत बसत नाही. मला हा स्वभाव फार आवडायचा. ऑफिसात असा एकही माणूस मला मिळालेला नाही.

हळूहळू घरातलं सगळंच त्या काळ्या डब्यात गेलं. फोटो, लग्नाची व्हिडिओ टेप, सिनेमे, नाटकांची रेकॉर्डिंग, गणपतीच्या आरत्या. घरातल्या टीव्हीवर, फोनवर, कुठेही बसून आपल्याच डब्यातून ते बघायचं, ऐकायचं. मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर आपले फोटो ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या कपाटात आपले दागिने ठेवणं, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. चारचौघे मान डोलवायचे आणि घरी जाऊन आपले फोटो होते तिथेच ठेवायचे. बायकोही त्यांतलीच. "तुमचं चालू द्या," ती म्हणायची, "माझे फोटो आहेत तिथे सुखात आहेत." मी तिच्याशी वाद घालायचो. वाद घालायची मला खोड आहे, आणि या विषयात तर मी नाकाने कांदे सोलायचो.

आई चार वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या आमच्या गावातून इथे राहायला आली. बाबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं धूसर दिसतं, त्यामुळे ती माणसाकडे बघते ती मान थोडी तिरकी करून. एकटीला गावात ठेवणं शक्यच नव्हतं. येताना तिने एक ट्रंक आणली. त्यात दोन नऊवारी, बाबांचा कोट आणि हाताने शिवलेल्या कापडी पिशवीत गुंडाळलेल्या अकरा कॅसेटी होत्या.

बाबा सैन्यात हवालदार होते. पत्र लिहिणं ही त्यांना शिक्षा वाटायची, आणि आईला चौथीपर्यंतचंच वाचता यायचं. मग कधीतरी त्यांच्या तुकडीतल्या कोणीतरी टेपरेकॉर्डर घेतला आणि बाबांनी त्यावर बोलून कॅसेट भरायला सुरुवात केली. आमच्या भागातला एखादा जवान सुट्टीवर निघाला की त्याच्याजवळ ती द्यायची. तो घरी येऊन चहा घ्यायचा, कॅसेट ठेवायचा आणि पुढे आपल्या गावी जायचा. बाकीचे जवान पुन्हा पुन्हा त्याच कॅसेटवर नवं भरायचे. बाबांनी तसं केलं नाही, आणि आईने एकही कोणाला दिली नाही. अशा अकरा साठल्या. मी त्या वर्षांत साताऱ्याला शाळेच्या वसतिगृहात होतो. त्या घरी कधी आल्या, कधी वाजल्या, हे मला धड ठाऊक नव्हतं.

बाबा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी नोकरीसाठी दिल्लीला निघून आलो होतो. पुढे पंचवीसेक वर्षं आमचं फोनवर बोलणं व्हायचं ते असं: पाऊस आहे का, गाडी किती वाजता पोचली, बरं मग, आईला देतो. भांडण नव्हतं. त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही, आणि माझी समजूत अशी की त्यांनाही सुचत नसावं.

कॅसेटी बघून माझ्यातला हौशी माणूस उठून बसला. ओळखीच्या एकाकडून कॅसेट डेक मागून आणला, डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, कॉम्प्युटरला वायर जोडली. तीन कॅसेटींना बुरशी आली होती, त्या उघडून साफ केल्या. एकीची फीत तुटली होती, ती चिकटवली. दोन शनिवार-रविवार मी त्यात घातले. प्रत्येक बाजूची वेगळी फाइल, अशा बावीस फाइली. त्यांना नावं कशी द्यावीत, आधी क्रमांक की आधी वर्ष, यावर मी एक अख्खी संध्याकाळ विचार केला. बाबांचा गणवेशातला फोटो स्कॅन करून प्रत्येक कॅसेटला मुखपृष्ठासारखा लावला. टीव्हीवर उघडलं की ओळीने अकरा बाबा दिसायचे. आईला ते दिसणार नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिच्या खोलीत एक छोटा स्पीकर बसवला. त्याला मोठी बटणं, एक चालू करायचं आणि एक पुढे जायचं. चालूच्या बटणावर काडेपेटीतली काडी मोडून चिकटवली, बोटाला कळावी म्हणून. पहिल्या दिवशी आईने काडी चाचपली, बटण दाबलं आणि खोलीत बाबा खोकले. त्यांचा घसा साफ करायचा खोकला. आईने पदर तोंडाला लावला आणि मला हाताने बाहेर जा म्हणून सांगितलं. तेव्हापासून रोज चारला चहा झाला की ती दार लोटून घ्यायची. "ह्यांचं ऐकते जरा," एवढंच म्हणायची. आम्ही त्या तासाभरात तिच्या खोलीत जात नसू. इतकं समाधान मला आयुष्यात कुठल्याच कामातून मिळालं नव्हतं, हे कबूल करतो.

पुण्याहून बहिणीचा फोन आला. "दादा, मला पेन ड्राइव्हवर दे ना सगळ्या."

"पेन ड्राइव्ह कशाला?" मी म्हणालो. "लिंक पाठवतो, पासवर्ड पाठवतो. तिथून थेट माझ्या सर्व्हरवरून ऐक. बिल्कुल घरच्यासारखं."

तिने दोनदा प्रयत्न केला. एकदा पासवर्ड चालला नाही, एकदा आवाज अडखळला. मी फोनवर तिला अर्धा तास सेटिंग सांगितली. नंतर तिने तो नाद सोडला आणि मला वाटलं, तिला हौस नाही.

त्याच वर्षी घराला रंग दिला. बायकोला दमा आहे, आणि कॅसेटींच्या त्या पिशवीला बुरशीचा वास होता. ती म्हणाली, "डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर ठेवा." टाका असं ती म्हणाली नव्हती, हे इथे लिहून ठेवतो. टाकायचं माझ्याच डोक्यातून निघालं. जुनी मासिकं, तुटका मिक्सर आणि अकरा कॅसेटी कबाडीवाल्याच्या गाडीवर गेल्या. आधी मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "सगळं आत गेलंय ना नक्की?"

"आई, एका डिस्कवर नाही, दोन-दोन डिस्कवर आहे. एक गेली तरी दुसरी आहे. घराला आग लागली तरच जाईल."

"शुभ बोल," ती म्हणाली आणि कॅसेटी दिल्या.

आता या दोन डिस्कची व्यवस्था सांगायला हवी, कारण मला तिचा फार अभिमान होता. पहिल्या डिस्कवर सगळा माल. दुसरी तिची सावली. रोज दुपारी तीन वाजता, आई झोपलेली आणि आम्ही ऑफिसात असताना, एक छोटा प्रोग्राम आपोआप चालायचा. पहिलीवर जे नवं आलं असेल ते दुसरीवर न्यायचं, आणि पहिलीवरून जे काढलं असेल ते दुसरीवरूनही काढायचं. दोन्ही हुबेहूब सारख्या. काढायचा भाग जोडला तेव्हा लिनक्सवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "संभलके, भाई." मी त्याला उत्तर दिलं होतं की मला कचरा साठवायचा नाही. दुसरी गंमत अशी की डिस्क बिघडली तर कॉम्प्युटर अडून बसू नये म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं: पहिली डिस्क सापडली नाही तरी तक्रार करू नकोस, तू सुरू हो. आणि सोसायटीत चपला चोरीला जायला लागल्या तेव्हा दारावर कॅमेरा लावला, त्याचं चोवीस तासांचं चित्रण दुसऱ्या डिस्कवरच्या उरलेल्या जागेत, सावलीवाल्या प्रोग्रामने हात लावू नये अशा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. जागा वाया का घालवायची?

हे तिन्ही निर्णय एकेकटे शहाणपणाचे होते. आजही कोणी विचारलं तर मी त्यांची बाजू मांडू शकेन.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. वीज आली, गेली, पुन्हा आली. हे मला नंतर वॉचमनकडून कळलं. इन्व्हर्टर पकडेपर्यंत आमचा कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला. पहिली डिस्क मात्र त्या झटक्यात मेली होती. कॉम्प्युटरने तिला हाक मारली, ती उठली नाही, आणि त्याला शिकवल्याप्रमाणे त्याने तक्रार न करता काम सुरू केलं. डिस्क ज्या जागी जोडली जाते ती जागा तर होतीच. आत काही नव्हतं. दुपारी तीन वाजता छोटा प्रोग्राम जागा झाला. त्याने पहिल्या जागी पाहिलं, तर सगळं रिकामं. म्हणजे मालकाने सगळं काढून टाकलेलं दिसतंय. मग त्याने दुसरी डिस्कही तितकीच रिकामी केली. हुबेहूब सारखी.

सव्वाचारला आईचा फोन आला. मी ऑफिसात होतो, एक ट्रक हरियाणाच्या हद्दीवर कागदपत्रांवरून अडकला होता आणि माझ्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता.

"अरे, हे बोलत नाहीयेत आज."

"नेट गेलं असेल आई. बघतो संध्याकाळी."

नेटचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण आईला पटकन गप्प करायला तेवढं पुरतं. रात्री नऊला घरी पोचलो आणि विसरलो. बुधवारी तिने पुन्हा विचारलं, मी म्हणालो उद्या. गुरुवारी तिने विचारलंच नाही. शुक्रवारी सकाळी सुट्टी होती म्हणून चहाचा कप घेऊन लॅपटॉपवरून आत शिरलो. सिनेमे नाहीत, फोटो नाहीत, अकरा बाबांची ओळ नाही. मन म्हणालं, दुसरी आहे ना. दुसरी उघडली. तिथे नुसतं कॅमेऱ्याचं चित्रण होतं. थेट शुक्रवार सकाळपर्यंतचं, व्यवस्थित तारीखवार लावलेलं.

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथे असते, आणि जाणकाराला परत मिळवता येते. मंगळवारी संध्याकाळी मी तो डबा बंद केला असता, नुसती वायर ओढली असती, तर बाबा बरेचसे मला परत मिळाले असते. तीन दिवस मी ट्रक सोडवत होतो आणि तीन दिवस दारावरचा कॅमेरा बाबांच्या जागेवर लिफ्टसमोरची फरशी लिहीत होता. कुरियरवाला, दूधवाला, चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा, आणि रोज नऊला घरी येणारा मी.

पुढचे आठ-दहा दिवस ऑफिस सोडलं तर मी फक्त ह्याच्याच मागे होतो. पुसलेलं परत मिळवून देणारे प्रोग्राम लिनक्सवर पुष्कळ आहेत, एकामागून एक सगळे चालवले. बायको जेवायला हाक मारून दमायची. लाखभर तुकडे निघाले, त्यांतले बहुतेक कुत्र्याचे. ऑनलाइन ग्रुपवर लिहिलं, तर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: तिसरी प्रत घराबाहेर का नव्हती? हा प्रश्न मी स्वतः इतक्या लोकांना विचारला आहे की मला उत्तर द्यायची लाज वाटली. एका तुकड्यात नऊ सेकंद खरखर मिळाली. मी ती तीस-चाळीस वेळा ऐकली. टेपची खरखर की दुसऱ्या कशाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आईला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. ती "बरं" म्हणाली. पण चार वाजता चहा झाला की ती दार लोटून घ्यायची ते घ्यायचीच. आत काही वाजत नसायचं. एकदा मी दाराला कान लावला. काडीच्या बटणाचा टक असा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा टक. मी तिथून निघून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला काही करता येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या यंत्राला मी म्हणेन ते करायला लावलं, त्याला हे एक करायला सांगायची ओळच जगात नव्हती.

बहिणीला सांगावंच लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, मी फक्त पेन ड्राइव्ह मागितला होता."  आणि तिने फोन ठेवला.

मेलेली पहिली डिस्क रुमालात गुंडाळून मी दिल्लीच्या कॉम्प्युटर-बाजारात, नेहरू प्लेसला गेलो. पहिल्या मजल्यावर एक दुकान आहे, तिथला माणूस डिस्क उघडून आतली माहिती काढतो असं ऐकलं होतं. पिकलेली दाढी, डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग. त्याने डिस्क कानाशी धरून हलवली आणि तिथेच त्याचा चेहरा पडला. चार दिवसांनी बोलावलं. गेलो तेव्हा त्याने ती उघडी करून टेबलावर ठेवली होती. आरशासारख्या तबकडीवर गोल ओरखडा होता.

"सर, प्लेट पर लकीर पड़ गई है. इसमें अब कुछ नहीं है. मैं झूठा दिलासा नहीं दूँगा."

मी खुर्चीवर बसलो. त्याने पाणी मागवलं. भला माणूस असावा. म्हणाला, "था क्या इसमें?"

"पिताजी की आवाज़."

"अच्छा." त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "क्या बोलते थे?"

मी डिस्क परत रुमालात गुंडाळायला लागलो. "घर की बातें," मी म्हणालो.

मेट्रोच्या ब्लू लाइनवर घरी, द्वारकेपर्यंत, मला बसायला जागा मिळाली होती, आणि सगळा वेळ तो प्रश्न डोक्यात होता. मला ठाऊकच नव्हतं बाबा काय बोलायचे. अकरा कॅसेटी मी भरल्या, पण भरताना आवाज बंद ठेवला होता. स्क्रीनवर हिरवी रेघ वरखाली होते, ती लाल होऊ द्यायची नाही, फार खालीही जाऊ द्यायची नाही. बाबांचा आवाज मी डोळ्यांनी तपासला होता. डेक चालू करून द्यायचो आणि फाइलींच्या नावांचा विचार करत बसायचो. नंतर ऐकू, असं म्हटलं होतं. त्या आता घरातच होत्या, दोन-दोन ठिकाणी. घाई कसली होती?

रविवारी दुपारी गॅलरीत ऊन आलं होतं. आई चटईवर बसून मटार सोलत होती. हे काम तिला डोळ्यांशिवाय येतं. अंगठ्याने शेंग उलगडायची, दाणे पातेल्यात, साल मांडीवरच्या कागदावर. मी तिच्यासमोर बसलो आणि एक शेंग हातात घेतली.

"आई, बाबांच्या कॅसेटी गेल्या."

"दुरुस्तीहून आल्या नाहीत?"

"येणार नाहीत. पुसल्या गेल्या. माझ्याच हातून."

तिने हातातली शेंग पुरी केली. "अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"आणि त्या खऱ्या?"

"त्या आपण कबाडीला दिल्या ना."

"तू दिल्यास," ती म्हणाली.

"हो. मी दिल्या."

ती रागावेल, रडेल, काहीतरी होईल म्हणून मी थांबलो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आणखी दोन शेंगा सोलून मग म्हणाली, "माझं काय रे, मला पाठ आहेत सगळ्या. कुठे खोकतात, कुठे थांबतात, सगळं. मला तुझंच वाईट वाटतंय. नवव्या कॅसेटची मागली बाजू तुझी होती."

"माझी म्हणजे?"

"म्हणजे काय! तुझ्या नावाची. तू सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेत नापास झालास, आणि हे सुट्टीवर आले होते तेव्हा चारचौघांत तुला नको नको ते बोलले. परत जाऊन त्यांनी ती भरून धाडली. तू वसतिगृहातून आलास तेव्हा मी टेप लावायला गेले, तर तू म्हणालास, मला नाही ऐकायची."

ते मला आठवलं. टेप आठवला नाही, पण मी उंबऱ्यात उभा राहून काय म्हणालो ते आठवलं, आणि कोणत्या आवाजात तेही.

"मग इथे तू त्या कॉम्प्युटरात भरल्यास," आई सांगत होती, "इतके दिवस त्यांच्यापाशी बसून होतास, तेव्हा मला बाई फार बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं एकदाचं. काही बोलला नाहीस, तर म्हटलं मनात ठेवलं असेल. म्हणून मीही विषय काढला नाही."

"मी नाही ऐकल्या, आई. एकही नाही. आवाज नीट भरतोय का तेवढं फक्त बघत होतो."

आईचा हात थांबला. तिने मान तिरकी केली आणि कडेच्या उरलेल्या नजरेने माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला.

"काय म्हणाले होते ते?" मी विचारलं. "थोडंसं सांग. जेवढं आठवेल तेवढं."

"मला कुठे ठाऊक?" ती म्हणाली. "सुरुवातीलाच म्हणायचे, 'हे पोरासाठी आहे, तू ऊठ आता.' तेव्हाही मी उठून जायचे, आणि इथेही बटण दाबून पुढे जायचे. तुझी होती ना ती."